रेफरलची रक्कम अडकली तर दाद कुठे मागावी : चार वाटांचा तुलनात्मक आढावा

कॅशबॅकच्या एखाद्या संकेतस्थळावर ओळखीच्यांना जोडून महिनोन्‌महिने जमवलेली रक्कम बँकेत वळती करायला जावे आणि पैसे काढण्याच्या बटणाच्या जागी ‘खाते तपासणीखाली आहे’ अशी करडी पट्टी दिसावी, हा अनुभव आता दुर्मीळ राहिलेला नाही. माझ्या वाट्याला तो गेल्या वर्षी आला. नऊ रेफरल, प्रत्येकी ६०० रुपये, एकूण ५,४०० रुपये. आणि कारण म्हणून ‘अटींशी विसंगत हालचाली आढळल्या’ एवढे एकच वाक्य. त्या निमित्ताने कंपनीची अंतर्गत तक्रार व्यवस्था, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक आयोग या चार वाटांची जी चौकशी केली, ती येथे शेजारी-शेजारी ठेवून मांडतो आहे. यांतली कोणती वाट आपली, हे अन्याय किती मोठा वाटतो यावर ठरत नाही. पैसा कोणत्या टप्प्यावर अडला आहे आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, यावर ते ठरते.

टप्पे साधारणपणे तीन असतात. पहिल्या टप्प्यात रेफरलची केवळ नोंद झालेली असते आणि रकमेपुढे ‘पेंडिंग’ असे दिसते. आपण जोडलेल्या व्यक्तीने केलेली खरेदी परत करण्याची मुदत संपून दुकानदार कंपनीने ती मान्य करेपर्यंत संकेतस्थळाला स्वतःलाच कमिशन मिळालेले नसते, त्यामुळे या टप्प्यावरची तक्रार बहुधा अकाली ठरते. दुसऱ्या टप्प्यात रक्कम ‘कन्फर्म्ड’ झालेली असते. येथे कंपनीने आपले देणे मान्य केलेले असल्याने आपली बाजू बरीच भक्कम होते. तिसऱ्या टप्प्यात रक्कम वॉलेटमध्ये जमा झालेली असते आणि ते वॉलेट रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या कंपनीचे असेल, तर वादाचे स्वरूपच बदलते. म्हणून तक्रार लिहायला बसण्यापूर्वी आपल्या रकमेपुढे नेमका कोणता शब्द लिहिलेला आहे, तो पडदा तारखेसह दिसेल अशा रीतीने स्क्रीनशॉट घेऊन जपून ठेवावा. खाते पूर्ण बंद झाले की आत शिरून तो पाहण्याची सोयही उरत नाही.

खाते का रोखले जाते, हेही आधी प्रामाणिकपणे तपासलेले बरे. एकाच फोनवर दोन खाती उघडणे, एकाच यूपीआय आयडीवर दोघांची रक्कम घेणे, पॅनवरील आणि बँकेतील नाव न जुळणे, स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकाला रेफर करणे आणि रेफरलची लिंक कंपनीच्या नावाने विकत घेतलेल्या जाहिरातीत टाकणे, ही नेहमीची कारणे आहेत. त्यात एक कारण मात्र निरपराध माणसालाही गोत्यात आणणारे आहे. आपल्याकडील मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्याआडून बाहेर सोडतात, आणि वसतिगृहात किंवा एकत्र कुटुंबात तर सगळेच एका वायफायवर असतात. स्वयंचलित यंत्रणेला मात्र त्या पत्त्यावरचे सगळे जण एकच माणूस वाटू शकतात. आपले प्रकरण असे असेल तर ते तक्रारीत उघडपणे लिहावे. लपवलेली गोष्ट पुढे कंपनीच्या उत्तरातून बाहेर आली, तर उरलेल्या खऱ्या दाव्याचीही पत जाते.

आता पहिली वाट. ग्राहक सेवेच्या चॅटखिडकीत दहा वेळा विचारणे म्हणजे तक्रार नव्हे; तक्रार ती, जी नावाने नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते आणि जिला क्रमांक मिळतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम ज्या मध्यस्थ संकेतस्थळांना लागू होतात, त्यांच्यासाठी सर्वसाधारण तक्रारीची मुदत त्याहून कमी, म्हणजे पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी होती; फेब्रुवारी २०२६ पासून निवारणाची मुदत सात दिवसांवर आली आहे. आपले संकेतस्थळ यांपैकी कशात बसते याचा काथ्याकूट करण्यापेक्षा दोन्ही नियमांचा उल्लेख करून पत्र पाठवावे, कारण बाहेरच्या बहुतेक दारांवर ‘आधी कंपनीकडे गेला होता का’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो आणि हे पत्र त्याचे उत्तर असते.

पत्रात ‘माझे कष्टाचे पैसे’ यासारखी वाक्ये फारशी उपयोगाची नसतात. मी लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता : ‘माझ्या खात्यातील ५,४०० रुपयांची मान्य झालेली रक्कम आपण रोखली आहे. ती अटींमधील कोणत्या कलमाखाली रोखली, नऊपैकी कोणते रेफरल आपण अमान्य धरता आणि प्रत्येकाबाबत कारण काय, हे कृपया स्वतंत्रपणे कळवावे. ज्या रेफरलबद्दल आपला आक्षेप नाही, त्यांची रक्कम उरलेल्या वादाची वाट न पाहता अदा करावी.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन रेफरलवर शंका असताना सगळी रक्कम अडवणे कंपनीला सोपे जाते. नगाला नग मोजायला लावले की आक्षेप नसलेल्या रकमा वेगळ्या काढाव्या लागतात. सोबत जोडणीच्या दिवशी लागू असलेल्या अटी जोडाव्यात. त्या मधल्या काळात बदलल्या असतील, तर वेबॅक मशीन या, जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची जुनी प्रत कित्येकदा सापडते. जोडलेल्या मित्रांचे क्रमांक किंवा ऑर्डरचे तपशील द्यायचे झाल्यास त्यांना आधी विचारावे, आणि तपासणी चालू असताना दुसऱ्या नावाने नवे खाते मुळीच उघडू नये, कारण कंपनीच्या हाती तोच सर्वांत सोयीचा पुरावा पडतो.

आणखी एक कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या रकमांच्या बाबतीत कंपनीने कमिशनवर करकपात केलेली असू शकते, आणि ती आपल्या पॅनवर, आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. ज्या रकमेवर कर कापून सरकारजमा केला, ती आपली नव्हतीच असे म्हणणे नंतर कंपनीला अवघड जाते.

दुसरी वाट राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, संकेतस्थळावरूनही नोंद करता येते आणि खर्च काहीच नाही. ही दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी असून हेल्पलाइन कोणताही आदेश काढत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, परंतु काही हजारांच्या वादात ही वाट मला सर्वांत किफायतशीर वाटते, कारण चॅटवरच्या ठोकळेबाज उत्तरांऐवजी प्रकरण कंपनीतल्या जबाबदार माणसासमोर जाण्याची शक्यता तिने वाढते. कंपनी हेल्पलाइनशी सहभागी म्हणून जोडलेली असेल, तर हा प्रवास आणखी सरळ होतो. हिच्याशेजारी माहिती तंत्रज्ञान नियमांखालील तक्रार अपील समिती ठेवून पाहिली, तर फरक स्पष्ट होतो : कंपनीच्या अधिकाऱ्याचा निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत या समितीकडे ऑनलाइन अपील करता येते, पण खाते वापरू न देणे हा तिच्या पठडीतला प्रश्न आहे, अडकलेले पैसे वसूल करून देणे नव्हे. पैसे गौण आणि खाते मोलाचे असेल, तेव्हाच तिचा विचार करावा.

तिसरी आणि चौथी वाट मात्र खरोखर तोलून पाहावी लागते, कारण येथे चुकीचा क्रम लागला तर एक दार बंद होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यासाठी समोरची संस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील असावी लागते. बँक किंवा परवानाधारक वॉलेट कंपनी चालते. नुसते कॅशबॅक संकेतस्थळ चालत नाही. संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. वकिलामार्फत ती करता येत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. मात्र तोच वाद आधीच एखाद्या न्यायालयापुढे किंवा आयोगापुढे चालू असेल, तर लोकपाल त्यात हात घालत नाही. शिवाय संस्थेचे निव्वळ व्यापारी निर्णय त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे ‘रेफरल योजना मध्येच का बंद केली’ ही तक्रार टिकणार नाही. ‘वॉलेटमध्ये जमा झालेली शिल्लक कारण न देता का गोठवली’ ही टिकू शकते. एकाच घटनेची ही दोन वाक्ये आहेत, पण कोणते वाक्य लिहिले यावर बरेच अवलंबून असते.

जिल्हा ग्राहक आयोगाचे बळ या सगळ्यांपेक्षा मोठे आहे. त्याचा आदेश बंधनकारक असतो, २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आपण भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे आणि २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे. अटींमध्ये ‘वाद लवादाकडेच न्यावा’ असे लिहिले असले, तरी त्याने बिचकण्याचे कारण नाही. अशा कलमामुळे ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि सल्ला देणारे बहुतेक जण ती टाळून पुढे जातात : आपण कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ आहोत का? कायद्यातील व्याख्येनुसार वस्तू किंवा सेवा मोबदला देऊन घेतलेली असावी लागते. फुकट दिलेली सेवा ही ‘सेवा’ या व्याख्येतून वगळलेली आहे. आपण सभासद शुल्क भरले असेल, किंवा त्या संकेतस्थळामार्फत खरेदी करताना कॅशबॅकचे आश्वासन मिळाले असेल, तर उभे राहायला जागा आहे. केवळ मोफत नाव नोंदवून इतरांना जोडले असेल, तर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. आणि एखादा माणूस यूट्यूब वाहिनीवरून शेकडो लोकांना लिंक देऊन उत्पन्न मिळवत असेल, तर तो ग्राहक कमी आणि कमिशन एजंट जास्त दिसतो. त्याची दाद करारभंग म्हणून दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या मुदतीत, आणि तीही रक्कम वकिलाच्या खर्चाच्या मानाने मोठी असेल तरच. सभासद शुल्क भरलेल्या माणसाने लोकपालाच्या दारी घुटमळण्यापेक्षा हेल्पलाइननंतर थेट आयोगाकडे जावे. वॉलेटची शिल्लक गोठलेल्या माणसाने मात्र आधी लोकपाल आणि मग गरज पडली तर आयोग हाच क्रम ठेवावा.

आयोगाकडे जायचे ठरलेच, तर मोबाइलमधले स्क्रीनशॉट जसेच्या तसे पुरावा म्हणून मान्य होतीलच असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत दिलेले बरे. जुन्या कायद्यातले ‘पासष्ट-ब’ म्हणून वकिलांच्या तोंडी बसलेले प्रमाणपत्र ते हेच. तारखा पडतील हेही गृहीत धरावे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० आणि वाढवून १५ दिवस मिळतात, पण निकालाचे असे बांधीव वेळापत्रक प्रत्यक्षात पाळले जाईल या भरवशावर राहू नये. तक्रार स्वतः लिहायची असेल, तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांच्या मार्गदर्शनाचा उपयोग होतो.

परदेशी संकेतस्थळांचे काय, हा प्रश्न सर्वेक्षणे भरून डॉलरमध्ये कमावणारे नेहमी विचारतात. कंपनीचे भारतात कार्यालयच नसेल, तर वरच्या वाटांपैकी व्यवहारात पहिलीच उरते. अशा ठिकाणी रक्कम साठू न देता किमान मर्यादा गाठताच काढून घेत राहणे, हाच उपाय मला कामाचा वाटतो.

या चार वाटांच्या आसपास एक पाचवीही दिसते, ती मात्र सापळा आहे. इंटरनेटवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधला की कित्येकदा भामट्यांचे क्रमांक वर येतात. खाते मोकळे करण्यासाठी ‘परत मिळणारी अनामत’ भरा, किंवा फोनचा पडदा दिसू देणारे अ‍ॅप घ्या, असे कोणी सांगितले, तर तो तक्रार विभाग नव्हे. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फोन करावा. तसेच संकेतस्थळ वस्तू किंवा सेवा काहीच न विकता केवळ नवी माणसे जोडण्याचे पैसे देत असेल, तर प्रश्न खाते रोखल्याचा नाही, योजनेच्याच वैधतेचा आहे. १९७८ च्या कायद्याने पैसा फिरवण्याच्या अशा योजनांवर बंदी आहे, आणि तेथे ‘माझे कमिशन द्या’ म्हणण्यापूर्वी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जाणे शहाणपणाचे.

माझ्या बाबतीत रक्कम दुसऱ्या टप्प्यावर होती, वॉलेट नव्हते आणि शुल्कही भरलेले नव्हते. म्हणजे लोकपाल बाद आणि आयोग डळमळीत. मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवले आणि पंधरा दिवस उलटताच १९१५ वर नोंद केली. आणखी नऊ दिवसांनी उत्तर आले, या वेळी रेफरलगणिक कारणांसह. सात मान्य झाले आणि ४,२०० रुपये बँकेत आले. उरलेल्या दोन नोंदी माझ्या आई-वडिलांच्या होत्या. दोघांची खाती मीच एका टॅबवर उघडून दिली होती, आणि एका उपकरणावर एकच खाते ही अट पानाच्या तळाशी पहिल्या दिवसापासून होती. ते १,२०० रुपये मी सोडून दिले.