पीएलएम घेताय? आधी सातबारा कुठे आणि जमीन कुठे ते विचारा

वाळूजच्या एका शेडमधली गोष्ट. व्हीएमसी मशीनवर साडेचारशे कव्हरं निघाली आणि गेजला एकही बसेना. ऑपरेटरच्या हातात रेव्ह सीचं, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीचं प्रिंट, गिऱ्हाइकाकडे रेव्ह डी चालू. डिझाइनच्या संगणकावर 'कव्हर_फायनल', 'कव्हर_फायनल_नवीन' आणि 'कव्हर_फायनल_सरांनी_पाहिलेलं' अशा तीन फायली. मालक वैतागून म्हणाले, "पीएलएम घ्यायचंच. कुठलं घेऊ तेवढं सांगा."

पीएलएम म्हणजे पार्टची ड्रॉइंग, रिव्हिजन आणि मंजुऱ्या एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर. डेमोत सगळीच पॅकेजं गोजिरवाणी दिसतात. फरक असतो आतल्या रचनेत. पीएलएममध्ये प्रत्येक पार्टच्या दोन गोष्टी असतात. एक कॅडची, म्हणजे संगणकावर केलेल्या डिझाइनची जड फाइल. दुसरी तिची नोंद, म्हणजे पार्ट नंबर, रिव्हिजन, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी), कुणी मंजूर केलं वगैरे. सातबारा तलाठ्याकडे, जमीन शिवारात, तसंच हे. नोंद डेटाबेसमध्ये, फाइल व्हॉल्टमध्ये, म्हणजे फायलींच्या कोठारात. या दोन्ही कुठे बसवल्यात, त्यावर तुमचा खर्च आणि डोकेदुखी ठरते.

पहिला पर्याय, आपल्याच ऑफिसातल्या सर्व्हरवरचा व्हॉल्ट. सॉलिडवर्क्स पीडीएम किंवा ऑटोडेस्क व्हॉल्ट या जातीचे. डिझायनर फाइल बदलासाठी आपल्या नावावर घेतो, म्हणजे चेक-आउट करतो, ती त्याच्या संगणकावर उतरते, बाकीच्यांना फक्त बघता येते. लॅनवरच काम चालतं, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही. सॉलिडवर्क्स या कॅडचं प्रोफेशनल किंवा प्रीमियम लायसन्स असेल तर पीडीएम स्टँडर्ड त्यातच येतं. कितीतरी जणांकडे ते न उघडता पडून असतं! मर्यादा मात्र आहेत. वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीचा क्रम, एकच, त्यात जास्तीत जास्त १० टप्पे, आणि ब्राउझरमधून वापरता येत नाही. खाली एसक्यूएल एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस असतो, त्याच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना १० जीबीची मर्यादा आहे. ती ऐकून लोक घाबरतात, पण ती नोंदींच्या डेटाबेसला लागते, फायली बाहेर असतात. बारा-पंधरा डिझायनरांना नोंदींसाठी १० जीबी पुष्कळ झाले.

खरा धोका बॅकअपमध्ये. एका ठिकाणी डिस्क गेली, तेव्हा डेटाबेसचा बॅकअप आदल्या रात्रीचा होता आणि फायलींचा मागच्या रविवारचा. परत चढवल्यावर नोंद म्हणत होती सातवं व्हर्जन, फाइल सापडत होती पाचवी. सातबाऱ्यावर विहीर, शिवारात विहीरच नाही. दोन्ही बॅकअप एकाच वेळेचे हवेत, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

दुसरा पर्याय टीमसेंटर, विंडचिलसारखी मोठी पॅकेजं. टीमसेंटरच्या रचनेत चार थर आहेत: वापरणाऱ्याचा क्लायंट, वेबचा थर, धंद्याचे नियम चालवणारा सर्व्हर, आणि तळाशी डेटाबेस व फायलींचे व्हॉल्यूम. फायलींसाठी वेगळी कॅशची, म्हणजे जवळच प्रत ठेवायची सोय असते. म्हणजे डिझाइन ऑफिस पुण्यात आणि प्लांट शेंद्र्यात असला, तरी जड असेंब्ली रोज पुण्याहून ओढावी लागत नाही, शेंद्र्यातल्या कॅशमधून उघडते. पण नोंदींची विचारपूस मध्यवर्ती सर्व्हरलाच जाते. एक असेंब्ली उघडताना अशा शेकडो छोट्या विचारण्या होतात, म्हणून लाइनच्या स्पीडइतकंच तिकडून उत्तर यायला लागणारा वेळही महत्त्वाचा. या व्यवस्थेला पगारी ॲडमिन लागतो. शिवाय 'आमची पद्धत वेगळी' म्हणत जितका कोड लिहून घ्याल, तितकं पुढचं अपग्रेड महाग पडेल. एकाच शेडच्या व्हेंडरने मोठ्या गिऱ्हाइकाकडे टीमसेंटर आहे म्हणून तेच घेणं म्हणजे शेजाऱ्याकडे हार्वेस्टर आहे म्हणून दोन एकरांत हार्वेस्टर आणणं.

तिसरा, क्लाउड. अरीना, फ्यूजन मॅनेज यांत तुम्ही आणि इतर कंपन्या एकाच व्यवस्थेचे भाडेकरू असता. सर्व्हर नको, एसी नको, आणि मे महिन्यात दुपारी वीज गेली तर मोबाइलवरूनही ईसीएन (डिझाइनमधल्या बदलाची नोटीस) मंजूर होतो. बदल्यात फॉर्म, टप्पे, अधिकार एवढंच बदलता येतं आणि नवी आवृत्ती त्यांच्या वेळापत्रकाने येते. ऑनशेप तर फाइल ही कल्पनाच मोडतं. मॉडेल थेट डेटाबेसमध्ये, चेक-आउट नाहीच. छान आहे, पण त्यासाठी कॅडच बदलावं लागतं. आणि आधी गिऱ्हाइकाशी केलेला गोपनीयतेचा करार काढून वाचा, ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला काहींची लेखी परवानगी लागते.

त्या मालकांना मी आहे तोच व्हॉल्ट चालू करायला लावला. क्लाउड नंतर, फक्त बीओएम आणि ईसीएनसाठी. जड फायली शेडमध्येच राहतील. सध्या चालू पार्टच आत घेतलेत. तीन 'फायनल'पैकी खरी कुठली हे ठरवायलाच तीन आठवडे गेले.