ट्रॅकचे ब्रेक पॅड, आठ महिने आणि चोडणची फेरी

सकाळी पावणेनऊला गोव्यातल्या चोडण बेटाच्या धक्क्यावर रायबंदरच्या फेरीबोटीसाठी रांग लागलेली असते. रांग दोन हात सरकते. मी ब्रेक सोडतो, पुन्हा दाबतो, आणि कीईईई. पुढचा स्कूटरवाला मागे वळून बघतो. पुन्हा दोन हात, पुन्हा कीईईई. समोरच्या खारफुटीतले बगळे उडतात (सलीम अली अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे). फेब्रुवारीत ट्रॅकचे, म्हणजे शर्यतीच्या रस्त्यासाठीचे, ब्रेक पॅड घातले तेव्हापासून हे रोज चालू होतं. फेरीवर गाड्या लावून घेणारा माणूस पहिल्याच आठवड्यात खिडकीशी येऊन म्हणाला, "तेल घाल मरे ताका!" ब्रेकला तेल घालायचं नसतं हे त्याला समजावेपर्यंत मागून हॉर्न सुरू झाले.

गाडीचा तपशील थोडक्यात. टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, पंधरा इंची चाकं, माझ्यासकट वजन साधारण ११५० किलो. पॅडच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी निम्मा दोष माझाच निघाला.

सुरुवात जानेवारीत झाली. गोव्यात ट्रॅक नाही, त्यामुळे हौस भागवायची तर चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचं आणि मग ४८ नंबरचा महामार्ग धरून हुबळी, बंगळूर करत चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उतरायचं. नऊशेच्या आसपास किलोमीटर एका बाजूने. ट्रॅकची एक फेरी ३.७ किलोमीटरची, वळणं बारा. पहिल्या तीन फेऱ्यांत मी स्वतःला फार मोठा ड्रायव्हर समजायला लागलो होतो. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. दोनदा पंप केल्यावर अर्धा ब्रेक लागला, गाडी गवतात गेली आणि थांबली. काही तुटलं नाही. माझा आवाज मात्र तासभर बारीक येत होता.

घरी आल्यावर सगळ्यांसारखाच मी पण मोठ्या ब्रेकच्या शोधाला लागलो. लाल रंगाचे चार पिस्टनवाले कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा), ३०० मिमीच्या वर डिस्क. भाव ऐकला, एक लाख चाळीस हजार. ते पंधरा इंची चाकात मावत नाहीत, म्हणून सतरा इंची चाकं. मग त्यांना टायर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहेच: गाडी कंपनीने नोंदवली त्याच्या बाहेर बदलायची नाही. विम्यावाल्याला कारण हवंच असतं, ते मी आपल्या हाताने कशाला देऊ.

आणि एक गोष्ट हिशोब मांडल्यावरच डोक्यात शिरली. माझ्या गाडीचे मूळचे ब्रेक शंभरच्या वेगालाही एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू करू शकतात, म्हणजे चाक अडवायची ताकद त्यांच्यात आहे. एकदाच थांबायचं असेल तर पुढचं काम टायरचं. ट्रॅकवर प्रश्न ताकदीचा नसतो, उष्णतेचा असतो. १४० वरून ६० वर यायला ब्रेकला सात लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा गिळावी लागते. नळाचं सव्वादोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. हवेचा थोडा हातभार सोडा. म्हणजे दर मोठ्या ब्रेकिंगला आठ-दहा जणांच्या चहाचं आधण, आणि पुढचं वळण येईपर्यंत भांडं गार करायला काही सेकंद.

म्हणून मोठे कॅलिपर बाजूला ठेवले आणि जास्त तापमान सोसणारे, अर्धे रस्त्याचे अर्धे ट्रॅकचे म्हणतात तसले पुढचे पॅड मागवले. ९,४०० रुपये. त्याच बरोबर डॉट ५.१ दर्जाच्या ब्रेक ऑइलची (पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा द्रव) अर्ध्या लिटरची बाटली, ७२० रुपये. भोकं पाडलेल्या डिस्क घेतल्या नाहीत. दिसतात छान, पण सारख्या तापल्या-निवल्या की भोकांच्या कडेपासून तडे जायला लागतात. साधी, आतून हवा खेळणारी डिस्कच बरी. जाळीचे स्टीलचे होस (ब्रेक ऑइलच्या नळ्या) मेस्त्रीच्या आग्रहाखातर घातले. पेडल थोडं ताठ वाटतं, बस्स.

पॅड बसवल्यावर एका रविवारी पहाटे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर ते बसते केले. ८० वरून २० पर्यंत ब्रेक, गाडी पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग, असं दहा वेळा, मग ब्रेकला हात न लावता वीस मिनिटं नुसती फिरवायची. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढायला हवा असतो. वॉचमन गेटातून बघत होता. त्याने फोन केला नाही हे नशीब.

मार्चअखेर पुन्हा ट्रॅकवर गेलो आणि काय सांगू. सहा फेऱ्या सलग, पेडल दगडासारखं. मी तेव्हा लगेच हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. बरं झालं आळस केला.

आता त्या आवाजाबद्दल. मला माहीत आहे की हा मुद्दा लहान आहे. पण तुमच्या गाडीतून तो रोज येत नाही.

आवाज गार ब्रेकवर, हलक्या दाबाला आणि चालत्या माणसाच्या वेगाला येतो, म्हणजे नेमका फेरीच्या रांगेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि देवळाच्या पार्किंगमध्ये. असल्या कडक पॅडमध्ये धातू जास्त. कमी दाबाला पॅड डिस्कला चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो, आणि ती थरथर कॅलिपरसकट गायला लागते. शेजारी भजनात पेटी वाजवतात. त्यांनी फाटकात उभं राहून दोनदा ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं, "काळी पाच." मी पॅडच्या पाठीला रबराची शिम, म्हणजे पातळ पट्टी, चिकटवली. कॅलिपरच्या खाचांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं, पॅडच्या तोंडाला चुकून लागू नये म्हणून कानातल्या कापसाच्या काडीने. पॅडच्या कडा कानशीने तिरक्या केल्या. चार रविवार गेले. शेजाऱ्यांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "उतरला. काळी चार."

याहून गंभीर बाब दुसरीच आहे, पण राग मला तिचा तेवढा येत नाही. गार असताना हे पॅड पहिल्या दाबाला ऐकतच नाहीत. जुलैत धो धो पावसात घरातून निघालो, पहिल्याच वळणावर म्हैस उभी. पाय दाबला तर अर्धा क्षण काहीच नाही, मग एकदम पकड. म्हशीला काही फरक पडला नाही. तेव्हापासून निघाल्या निघाल्या दोन-तीनदा ब्रेक लावून पॅड जागे करतो. घरातलं दुसरं कुणी ही गाडी चालवणार असेल तर हे पॅड कायमचे ठेवूच नका. बायकोने एकदा चालवली आणि किल्ली टेबलावर ठेवून स्कूटर घेऊन गेली.

पावसाळ्यात अजून एक. आपल्याकडे खारी हवा, दोन रात्री गाडी उभी राहिली की डिस्कवर केशरी गंज आणि पॅड त्याला चिकटलेला. सकाळी गाडी हलवली की "टक्". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अॅक्सल गेला असंच वाटलं. दोन ब्रेकमध्ये साफ होतं, घाबरू नका.

इथवर माझं मत होतं: आवाज सोडला तर पॅड उत्तम. सप्टेंबरमध्ये ते बदललं.

चवथ झाली, पाहुणे गेले, आणि मी तिसऱ्यांदा ट्रॅकला निघालो. निघायच्या आधी मेस्त्रीकडे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घेतली, त्याला थोडं ऑइल लागलं. फेब्रुवारीतल्या बाटलीत दोनशे मिली उरलं होतं. झाकण घट्ट लावून पडवीतल्या कपाटात ठेवलेलं. नवी बाटली ७२० ची. जुनं चांगलं सोनेरी दिसत होतं. घातलं.

पाचव्या फेरीत पेडल लोणी.

या वेळी पिट (ट्रॅकच्या कडेची गाड्या थांबवायची जागा) गाठता आला, तेवढी अक्कल आली होती. शेजारी चेन्नईचा एक मुलगा होता, त्याने पेडल दाबून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला: मऊ झालं की कडक? मऊ झालं असेल तर पॅडला हात लावू नकोस, ऑइल उकळलंय. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड. दीड मिनिटात त्याने ते सांगितलं, ज्यावर मी आठ महिने आणि दहा हजार घालवले होते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय तळाला जातो. जानेवारीत पेडल मऊच झालं होतं! आणि तेव्हा गाडीत तीन वर्षं जुनं ऑइल होतं. फेब्रुवारीत मी पॅड आणि ऑइल एकाच दिवशी बदललं आणि सगळं श्रेय पॅडला दिलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हा आकडा १५५ वर येतो. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. आणि मी उघडलेली बाटली गोव्याचा पूर्ण पावसाळा पडवीत ठेवली होती, जिथे मीठ दगड होतं आणि पापडाचं पान होतं. ५.१ आणि ५ मध्ये घोळ मात्र करू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या सिस्टिममध्ये मिसळायचं नाही.

त्या मुलाकडून सीलबंद बाटली घेतली (त्याने छापील किमतीलाच दिली, देव त्याचं बरं करो) आणि सगळं ऑइल बदललं. मग एक खुळ डोक्यात शिरलं. परतीच्या प्रवासासाठी गाडीच्या कंपनीचे जुने पॅड डिकीत होतेच. दुपारच्या सत्राला तेच घातले. ताजं ऑइल, साधे पॅड. तीन फेऱ्या एकदम छान. चौथीत वास यायला लागला आणि पेडल कडक असूनही गाडी पुढे पुढेच. आता ओळखता आलं: हा पॅडचा फेड, म्हणजे तापून पकड सुटणं. एक फेरी हळू मारून गार केले तर ब्रेक परत आले.

म्हणजे माझ्यासारख्या तीन फेऱ्या मारून पाणी प्यायला थांबणाऱ्या माणसाला ७२० रुपयांत काम झालं असतं. पॅडने मला सलग तीन जास्त फेऱ्या दिल्या. ९,४०० भागिले तीन तुम्हीच करा.

येताना साधे पॅड तसेच ठेवले. चोर्ला उतरताना ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सल्लागाराने चाक न काढताच निदान केलं: "सर, डिस्क वाकल्यात, दोन्ही बदलाव्या लागतील." अंदाजपत्रक ११,८००. मी म्हटलं, मोजून दाखवा. मोजायचं साधन आमच्याकडे नसतं म्हणाले. मग वाकल्यात हे कळलं कसं? "सर, अनुभव." चाळीस मिनिटं वाद झाला, शेवटी तपासणीचे साडेसहाशे लावले. ते मी अजून विसरलेलो नाही.

मेस्त्रीने डिस्कला डायल गेज (डिस्क किती वाकडी फिरते ते मोजणारं साधन) लावला. काटा ०.०४ मिमी हलला, म्हणजे काहीच नाही. डिस्कवर बोट फिरवून त्याने मला काळपट डाग दाखवले. एका पॅडच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड तापून वेडावाकडा चिकटला होता. सँडपेपरने दोन्ही बाजू घासल्या, पुन्हा वेर्ण्याला दहा ब्रेक, थरथर गायब. मजुरी तीनशे. चहा त्यानेच पाजला.

सध्या असं ठरवलं आहे. रोज कंपनीचे पॅड. ट्रॅकला जायच्या आदल्या रविवारी डिस्क घासून कडक पॅड घालायचे, परत आलो की उलट. सीलबंद बाटली नवी आणायची, उरलेलं ऑइल कितीही जीव तुटला तरी ठेवायचं नाही. शेवटची फेरी ब्रेक न वापरता मारायची आणि पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचा. कडक पॅड अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, त्यामुळे विकणार नाही, विचारू नका.

गेला आठवडाभर गाडी साध्या पॅडवर आहे. सोमवारी धक्क्याचा उतार उतरलो तर फेरीवरचा माणूस पाठ करून तसाच उभा. एरवी मी लांब असतानाच तो हात दाखवून जागा करायचा. शेवटी हॉर्न मारावा लागला. वळला, आधी चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घालें मरे तेल?"