मोनो कार्ट्रिजवर सुरुवातीचं रॉक अँड रोल: बऱ्याच महिन्यांच्या ऐकण्यानंतर

आधी निकाल सांगतो. १९४९ ते १९५८ या काळातलं रॉक अँड रोल ऐकायचं तर रेकॉर्ड प्लेअरला मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला, एकाच वाहिनीचा आवाज उचलणारा भाग) लावून, सिंगल तबकड्यांवर किंवा नीट काढलेल्या मोनो रिइश्यूवर, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या तबकड्यांवर, ऐका. गेले कित्येक महिने मी हेच करतोय. जवळ थोड्या मूळ ४५च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, काही ७८च्या, बाकी रिइश्यू. रोज संध्याकाळी चार-पाच बाजू होतात. कुठलं गाणं शंभराव्यांदाही उभं राहतं आणि कुठलं विसाव्याला बसतं, हे आता ठामपणे सांगू शकतो.

कार्ट्रिजबद्दल थोडक्यात. मोनो तबकडीत आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ कार्ट्रिज सुईची वर-खाली हालचालही उचलतं, आणि त्या उभ्या हालचालीत गाणं नसतंच, असते ती नुसती धूळ आणि झीज. खरं मोनो कार्ट्रिज तिकडे लक्षच देत नाही. मागच्या मालकाने जड पिनेने घासलेली एक तबकडी मी बाजूला टाकली होती. ती या कार्ट्रिजवर ठेवली तर खरखर निम्म्याहून कमी झाली, आणि मागे दबलेला पियानो पुढे आला. ७८साठी मात्र वेगळा स्टायलस, म्हणजे सुईचं टोक, हवाच, कारण तिची खाच कितीतरी रुंद असते. ४५चा बारीक स्टायलस त्या खाचेच्या तळाशी नुसता घसरत जातो.

आता गाण्यांकडे. सगळ्यात जास्त टिकली ती न्यू ऑर्लिन्सची. कॉसिमो मतासाचा जे अँड एम स्टुडिओ म्हणजे रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या दुकानामागची एक खोली. तिथे डिसेंबर १९४९मध्ये फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ गायलं. ड्रमवर अर्ल पामर होता आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर सणसणीत ठोका देतो. त्याच खोलीत सप्टेंबर १९५५मध्ये लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ झालं. मूळ शब्द रेडिओवर वाजण्यासारखे नव्हते. डोरोथी लाबोस्ट्रीने ते ऐन वेळी बदलून दिले, आणि स्टुडिओची वेळ संपत आलेली असल्यामुळे रिचर्ड स्वतःच पियानोवर बसला.

या गाण्यात मी आता शब्द ऐकतच नाही, रिचर्डचा उजवा हात ऐकतो. तो सरळ आठ-आठ ठोके देतो, प्रत्येक ठोका सारखा, न झुलणारा. पामर मात्र अजून शफलमध्ये आहे, म्हणजे झुलत्या ठेक्यात. तबल्याशी ओळख असलेल्यांना हे लगेच कळेल: एकाच मात्रेवर एक जण तिश्र जातीत (मात्रेचे तीन भाग) चाललाय आणि दुसरा चतुश्र जातीत (चार भाग). दोघंही माघार घेत नाहीत. गाण्यातला सगळा जोर या ओढाताणीतून येतो. १९५७च्या ‘ल्युसिल’पर्यंत पामरही पूर्ण सरळ वाजवायला लागलेला असतो. रिचर्डच्या पियानोला साथ देता देता आपण बदललो, असं त्याने पुढे सांगितलंय. ‘ल्युसिल’ जबरदस्त आहे, त्यातला सॅक्सचा खालचा आवाज तर भिंत हलवतो. पण पुन्हा पुन्हा सुई ठेवावीशी वाटते ती ‘टुटी फ्रुटी’वर, कारण तिथे ते भांडण अजून मिटलेलं नाही.

हेच शिकागोत चेस या रेकॉर्ड कंपनीकडे. चक बेरीचं ‘मेबलीन’ मे १९५५चं, एका जुन्या कंट्री सुरावटीवर बांधलेलं. पियानोवर जॉनी जॉन्सन, बासवर विली डिक्सन. या नोंदीत गिटारचा आवाज किंचित फाटलेला आहे आणि तो तसाच हवा. ‘जॉनी बी. गुड’मध्ये बेरीची गिटार सरळ धावते आणि मागे फ्रेड बिलो ड्रमवर झुलतो. हेडफोन काढून, एका स्पीकरवर, आवाज चढवून ऐका. मेबलीनच्या श्रेयात रेडिओवाल्या ॲलन फ्रीडचं नाव घुसवलं गेलं होतं, जो त्या गाण्याचा लेखक नव्हताच. गाणं रेडिओवर वाजावं म्हणून हे व्हायचं. लेबलवर ते नाव वाचताना आजही राग येतो.

बो डिडलीबद्दल एवढंच, की एकच कॉर्ड, मराकस (खुळखुळे) आणि तो थांबून थांबून पडणारा ठेका यांवर अख्खं गाणं उभं करणं ही छोटी गोष्ट नाही. ते टिकलं.

बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ माझ्यासाठी टिकलं नाही. एप्रिल १९५४ची नोंद, सुरुवातीला ‘बी’ बाजूला टाकलेली, १९५५मध्ये एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वाजली आणि मग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्याचं ऐतिहासिक मोल मी नाकारत नाही. पण सगळे जण एकाच दिशेला चालले आहेत, कुठे ताण नाही. अपवाद डॅनी सेड्रोनीचा गिटार सोलो. तेवढे काही सेकंद सुई मागे नेऊन ऐकतो. जून १९५४मध्ये जिन्यावरून पडून तो गेला. गाणं जगभर गाजलेलं त्याने पाहिलंच नाही. आणि गोरा गायक पॅट बून याचं ‘टुटी फ्रुटी’? एकदा ऐकावं, फक्त हे समजण्यासाठी की ते तेव्हा चार्टवर रिचर्डच्या वर गेलं होतं आणि का गेलं होतं.

मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सची गोष्ट वेगळी. एल्व्हिसच्या जुलै १९५४च्या ‘दॅट्स ऑल राइट’मध्ये ड्रमच नाहीत. स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा चापट्या मारलेला उभा बास आणि एल्व्हिसची स्वतःची गिटार, एवढ्यावर ते पळतं. मूळ गाणं आर्थर क्रुडपचं, १९४६चं. दोन्ही लागोपाठ लावून पाहा. क्रुडप जमिनीवर पाय रोवून गातो आणि एल्व्हिसचे पाय टेकतच नाहीत. सनचा मालक सॅम फिलिप्स याचा तो टेपवरचा झटपट प्रतिध्वनी मोनोमध्ये आवाजाला चिकटून येतो, वेगळा तरंगत नाही. मूळ तबकडी चांगल्या स्थितीत घ्यायची तर किंमत लाखांत जाते. मी रिइश्यूवर समाधानी आहे. जेरी ली लुईसच्या १९५७च्या ‘होल लॉटा शेकिन’मध्ये तर बासच नाही, पियानोचा डावा हात ते काम करतो. इतक्या महिन्यांत त्या डाव्या हातात नवं काहीतरी ऐकू आलं नाही असं झालं नाही.

‘हाउंड डॉग’वर वाद घालायला मी कायम तयार आहे. बिग मामा थॉर्नटनने ते १९५२मध्ये लॉस एंजेलिसला गायलं, लीबर आणि स्टोलर या विशीतही न पोचलेल्या दोन पोरांनी तिच्यासाठी लिहिलेलं. फुकट्या पुरुषाला दारातून हाकलणारी बाई आहे ती. चाल संथ, पीट लुइसची गिटार तिच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलते, शेवटी सगळे कुत्र्यासारखे भुंकतात. एल्व्हिसने १९५६मध्ये लास व्हेगासच्या एका बँडची बदललेली आवृत्ती उचलली, त्यात बाईही गेली आणि भांडणही. डी. जे. फोंटानाच्या ड्रमसाठी ती मी ऐकतो, पण कपाटातली एकच प्रत ठेवायची झाली तर थॉर्नटनची.

खरेदीबद्दल. साठच्या दशकात कंपन्यांनी याच मोनो नोंदी फोडून खोटं स्टिरिओ केलं: जाड आवाज एका बाजूला, पातळ दुसऱ्या बाजूला, वर प्रतिध्वनीचा मुलामा. एका विक्रेत्याने मला अशीच एक एलपी ‘मोनो’ म्हणून पाठवली आणि परतही घेतली नाही. तिच्यावर लिटल रिचर्डचा पियानो एका कोपऱ्यात आणि पामर दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला आहे, म्हणजे ज्यासाठी गाणं ऐकायचं तेच तोडलेलं. विकत घेण्याआधी लेबलचा आणि पाठच्या बाजूचा फोटो मागवा. ‘इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड’ असं बारीक अक्षरात दिसलं की पुढे जा.

७८ची हौस असेल तर जुन्या बाजारात हात घालायला हरकत नाही. अमेरिकेत त्या पन्नासच्या दशकाअखेरीस जवळपास बंद झाल्या, पण आपल्याकडे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून साठच्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा. त्यांचा एक महत्त्वाचा घटक, लाख, तर जगाला प्रामुख्याने आपल्याकडूनच जायचा. मात्र लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, विरघळते. साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, लेबलला ओल लागू न देता, आणि लगेच मऊ कापडाने कोरडी करा. पहिली खरेदी कोणती, असं विचारलं तर फॅट्स डॉमिनोच्या सुरुवातीच्या गाण्यांचा मोनो संच आणि लिटल रिचर्डची पहिली एलपी घ्या. चक बेरी त्यानंतर, आणि हेली मित्राकडून मागून ऐकला तरी चालेल.