काचेचा मोठा बाऊल : आठ महिन्यांत काय काय भरून पाहिलं

भेट म्हणून आलेला हा गोल बाऊल आठ महिने बैठकीच्या खोलीत आहे. व्यास साधारण २५ सेंटीमीटर. दिसायला बेताचा, पण त्यात जवळजवळ ८ लिटर पाणी मावतं, हे भरायला घेतल्यावरच कळलं. म्हणजे काहीही विकत आणून भरायचं म्हटलं की ते पुरतच नाही.

सुरुवात दगडगोट्यांनी केली. फिरायला गेले की चार-पाच गुळगुळीत दगड उचलून आणायचे, घासून धुवायचे, वाळवून टाकायचे. अर्धा बाऊल भरला तेव्हा वजन सहा किलोच्या आसपास गेलं आणि टेबल पुसायला तो उचलणं नको वाटू लागलं. मग एक युक्ती सापडली आणि ती आजतागायत वापरते आहे: मधोमध एक काचेचा ग्लास उपडा ठेवायचा आणि दगड त्याच्याभोवती व वर रचायचे. बाहेरून काही कळत नाही, सामान कमी लागतं, वजनही आटोक्यात राहतं. बटणं, गोट्या, लोकरीचे उरलेले गुंडे, सगळ्यांना हीच युक्ती चालली. त्यातही लोकरीचे गुंडे मला फार आवडले. एकाच रंगाच्या तीन-चार छटा घेतल्या की बाऊल भरगच्च आणि उबदार दिसतो. धूळ मात्र बसते, महिन्याने झटकावे लागतात.

ताज्या फुलांच्या पाकळ्या पाण्यावर सोडल्या की पहिला दिवस सुंदर जातो. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं, वास येतो. पाहुणे येणार असतील तेवढ्यापुरतंच हे ठीक.

पाण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. पाण्याने भरलेला गोल बाऊल उन्हात भिंगासारखं काम करतो. खिडकीपाशी ठेवला होता तेव्हा एका दुपारी टेबलक्लॉथवर प्रकाशाचा झगझगीत ठिपका पडलेला दिसला, हात लावला तर कापड चांगलंच तापलेलं. त्याच दिवशी जागा बदलली. तुमचा बाऊल थेट उन्हात असेल तर आजच हलवा.

सगळ्यांत समाधान दिलं ते मनीप्लांटने. कुंडीतल्या वेलीचे तीन तुकडे कापले, प्रत्येकाचं निदान एक पेर (वेलीवर पान फुटतं ती गाठ) पाण्यात बुडेल असं पाहिलं, बुडणारी पानं काढून टाकली. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटली. काचेतून ती रोज थोडी लांब झालेली दिसतात, आणि मला तर पानांपेक्षा मुळंच बघत बसावंसं वाटतं. पाणी आठवड्याला पूर्ण बदलते. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायला तेवढेच दिवस पुरतात. उजेड जास्त झाला की काचेवर हिरवं शेवाळ धरतं, तेव्हा जागा थोडी सावलीची हवी. कडेला पाण्याचा पांढरा पट्टा उमटतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवलं की सुटतो.

बॅटरीवरची एलईडी माळ फक्त कोरड्या बाऊलमध्ये घातली. दगडांच्या फटींतून उजेड झिरपतो. बॅटरीची डबी त्या उपड्या ग्लासाखाली लपते, फक्त बटण दाबायला सगळं बाजूला करावं लागतं. हल्ली डबी मागच्या बाजूने बाहेरच ठेवते.

आता बाऊल एक तृतीयांशच भरलेला असतो: तळाशी गोटे, थोडं पाणी, तीन वेली. वरची काच मोकळी.