ख्रिस्ती होमस्कूलिंग: मुलाला शिकण्याचीच गोडी लागावी असं वाटत असेल तर कोणती पद्धत घ्याल?

घरीच शिकवायचं ठरलंय, घर ख्रिस्ती आहे, आणि पोराने मार्कांसाठी नाही तर आवडतंय म्हणून शिकावं अशी इच्छा आहे. इथपर्यंत सगळं सोपं, अभ्यासक्रम निवडायला बसलं की डोकं गरगरतं. मी तीनच पद्धती घेतेय, बाकीचं बरंचसं यांचंच मिश्रण असतं.

आधी एक शंका, कारण बरीच घरं तिथेच अडतात. ज्ञानासाठी ज्ञान हे चालतं का, सगळं देवाच्या गौरवासाठी नको का? चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती संत ऑगस्टीन, त्यालाही हा पेच होता. आत्मकथनात एकीकडे तो नुसत्या बघण्या-जाणण्याच्या हावेला मोह म्हणतो, आणि दुसरीकडे सांगतो की ग्रीक भाषा मार आणि धाक दाखवून शिकवली, ती नकोशी झाली, लॅटिन मात्र दायांच्या लाडात, हसतखेळत आली, म्हणजे धाकापेक्षा कुतूहल जास्त शिकवतं. 1939 मध्ये युद्ध नुकतंच सुरू झालेलं असताना ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसने ऑक्सफर्डमधल्या प्रवचनात हेच धरलं: ज्ञानाची भूक देवानेच दिलीय, मग ज्ञान ज्ञानासाठी मिळवलं तरी देवापासून लांब जात नाही. मला हे पटतं. त्यामुळे प्रत्येक धड्याच्या शेवटी ओढूनताणून बायबलचं एक वचन चिकटवायची गरज नाही, मुलांना ते लगेच कळतं आणि मग वचनही कंटाळवाणं होतं आणि धडाही.

आता पहिली पद्धत, वर्कबुकची. उदाहरण म्हणजे एसीई (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन), 1970 मध्ये टेक्सासात सुरू झालेली. प्रत्येक विषयाच्या वर्षाला साधारण 12 पुस्तिका, मूल स्वतः वाचतं, गाळलेल्या जागा भरतं, उत्तरांच्या चावीवरून स्वतःच तपासतं, टेस्टला 80 टक्के पडले की पुढची पुस्तिका. आईबाबांना वेळ नसेल, मुलं चार असतील, तर खरंच सोयीचं, आणि शिस्तही लागते. पण प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर वर कुठेतरी छापलेलं असतं, मूल ते शोधून खाली उतरवतं आणि पुढे सरकतं. पुस्तिका संपवणं हाच अभ्यास होऊन बसतो. आपल्या हेतूसाठी ही सगळ्यात कमजोर.

दुसरी क्लासिकल. मूळ मध्ययुगातलं, पण आजच्या लाटेचं बरंच श्रेय इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्सच्या 1947 च्या ऑक्सफर्डमधल्या भाषणाला. लहानपणी व्याकरण आणि भरपूर पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व, सोबत लॅटिन. अकरा-बारा वर्षांचं पोरगं प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायला लागतं ना, तेव्हा त्याच्या हातात तर्कशास्त्र द्यायचं ही कल्पना मला जाम आवडते! अडचण सुरुवातीच्या वर्षांत. सनावळ्या घडाघडा म्हणणारं मूल पाहुण्यांसमोर छान दिसतं आणि घरादाराला वाटतं झालं शिक्षण. तुम्हाला स्वतःला इतिहास-भाषांची ओढ असेल तरच घ्या, नाहीतर नुसती घोकंपट्टी उरते.

तिसरी शार्लट मेसनची, 1842 ते 1923 मधली इंग्लिश शिक्षिका, स्वतः श्रद्धाळू अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची. मार्क आणि बक्षिसांमुळे ज्ञानाची मूळ ओढच मरते हे तिचं ठाम मत, म्हणून इथे जरा थांबते. लहानांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचे, आणि सकाळीच उरकायचे. चांगल्या पुस्तकातला एक उतारा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. समजा गोगलगायीवर वाचलं. मूल म्हणतं तिचे डोळे शिंगांच्या टोकाला असतात, मग थांबतं, मग विचारतं की शिंग आत ओढल्यावर तिला दिसतं का? पुस्तकात हे नव्हतं. इथे तुम्ही गप्प बसायचं, फार तर वहीत गोगलगायीचं चित्र काढू द्यायचं. परीक्षा होत्या तिच्याकडे, पण प्रश्न असायचे अमुक गोष्टीबद्दल तुला काय माहितीये ते सांग, अशा धाटणीचे.

तोटे आहेत. रोज कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसायला लागतं, पहिले काही महिने मूल दोन वाक्यांत सांगून मोकळं होतं आणि आपल्याला वाटतं काहीच येत नाहीये. गणित मात्र नुसतं ऐकून सांगून होत नाही, त्याला रोजचा सराव लागतोच.

माझं मत विचाराल तर दहा-बारा वर्षांपर्यंत मेसन, गणिताला एखादं सरळ क्रमाने जाणारं पाठ्यपुस्तक, आणि नंतर मुलाला वाद घालायची हौस दिसली तर क्लासिकलमधलं तर्कशास्त्र उचला, लॅटिन आवडलं तर ठेवा. आजारपण, नवं बाळ, नोकरीची धावपळ अशा वर्षी वर्कबुक बिनधास्त वापरा, फक्त दुपार मोकळी ठेवा आणि त्या वेळात मूल काय करतं त्याला अभ्यासात मोजू नका, नाहीतर तेही होमवर्क होईल.