यूपीआय लाइट: चिल्लरीपुरतं झकास

पासबुक भरून आणलं की माझी चिडचिड व्हायची. दहा रुपये कोथिंबीर, बारा रुपये चहा, पंधरा रुपये वडापाव. पगाराची ओळ शोधायला भिंग हवं. यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमध्ये आधीच थोडे पैसे टाकून ठेवायचं छोटं पाकीट, सुरू केल्यापासून पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे टाकल्याची नोंद दिसते. किरकोळ खर्च ॲपमध्येच राहतो.

दुसरी मजा म्हणजे पिन नाही. एका हातात पिशवी, मागे रांग, भाजीवाल्या मावशींचं 'दादा, झालं का?' सुरू, अशा वेळी कोड स्कॅन करायचा, रक्कम टाकायची, की लगेच स्पीकर ओरडतो. 2022 मध्ये हे आलं तेव्हा एका वेळी 200 रुपयेच देता यायचे. पुढे मर्यादा 1000 झाली, शिल्लक 5000 पर्यंत. मी पाचशेच ठेवतो. पिन नाही म्हटल्यावर फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर ते गेलेच समजा, शिवाय त्यावर व्याजही नाही.

फोन बदलताना मात्र आधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात वळवा. हे ॲपने ठळक सांगायला हवं, पण त्याला स्क्रॅच कार्ड दाखवण्यातून सवड कुठे!

बाकी 2020 पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क नाही. अधूनमधून 'आता लागणार' अशी बातमी येते आणि आमचा वाणी दोन दिवस रोखच मागतो. सरकारने हा खर्च सोसावा, असं माझं मत. नोटा छापायलाही पैसे लागतातच की.

पाचपैकी चार तारे.