पासिंग पंधरवड्यावर आणि जीपचे दिवे रुसलेले: स्वतः शोधावं, वायरमनकडे द्यावी की वायरिंगच बदलावं?

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो. डिपर मारला की उजवा हेडलाइट मंद होतो. नंबरप्लेटचा दिवा तर गेल्या चवथीपासून बंदच आहे. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे जुनी फोर बाय फोर सांभाळणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नाही. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने लाल धूळ, मग आणखी काय होणार?

आमची महिंद्राची एमएम 540 जीप 1996 ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवून घ्यावी लागते. 2011, 2016 आणि 2021, तिन्ही वेळा दिव्यांनीच रडवलं. पहिल्यांदा गाडी वायरमनकडे दिली, दुसऱ्यांदा अख्खं वायरिंग बदललं, तिसऱ्यांदा मीटर घेऊन स्वतः बसलो. तिन्ही वाटा चालून झाल्यात, म्हणून हे लिहितोय.

आधी वायरमन. 2011 मध्ये ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मागचे दोन्ही बल्ब बदलले, दिवा लागला, पैसे दिले. घरी येईपर्यंत पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत होल्डर बदलला, पुन्हा दोन दिवस बरं. माणूस हाताचा वाईट नव्हता, पण मी त्यांना सांगितलं काय, तर ‘लाइट नीट लागत नाही’. एवढ्यावर कोणीही बल्बच बदलणार. दोष कुठे होता हे मला दहा वर्षांनी कळलं.

म्हणून तिसरी वाट आधी नीट सांगतो, कारण उरलेल्या दोन्हींचा निर्णय तिच्यावरच ठरतो.

दिव्यापर्यंत प्लस वायरीतून येतो, पण मायनस बहुतेक ठिकाणी बॉडीतून परत जातो. वाटेत मडगार्डाचे बोल्ट, तीनदा मारलेला रंग आणि त्याखालचा गंज. मागच्या दिव्याच्या डब्याचा अर्थ (earth, म्हणजे मायनसचा बॉडीशी असलेला जोड) तुटला की ब्रेकचा करंट परतीची वाट शोधत शेजारच्या फिलामेंटमध्ये घुसतो, आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. ही खूण दिसली की बल्बला हात लावू नका, आधी अर्थ बघा.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर यासाठी पुरतो. दिवा चालू ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन होल्डरच्या अर्थवर. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर परतीच्या वाटेत खोट आहे. मग लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी बल्बच्या प्लसवर लावली की येणाऱ्या वाटेतली गळती दिसते. दिवा चालू असणं महत्त्वाचं. सात तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा बल्ब काढून मोजली तर पूर्ण साडेबारा व्होल्ट दाखवते आणि आपण फसतो.

आमच्या उजव्या हेडलाइटच्या अर्थवर 1.4 व्होल्ट खर्ची पडत होते. आकडा छोटा वाटेल, पण हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. चोर्ला घाटात धुक्यात शिरल्यावर ते तीस टक्के कुठे गेले हे चांगलंच कळतं. उपाय काय केला? बोल्ट खोलला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवी थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावली, वरून पेट्रोलियम जेली, आणि दोन्ही हेडलाइटपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी वायर ओढली. पितळी होल्डरांवर चढलेला हिरवा कळंकही तेव्हाच घासून काढला. एका रविवारचं काम, त्यातले दोन तास गंजलेला बोल्ट सोडवण्यात गेले.

मग वायरमनकडे कधी जायचं? फ्यूज वारंवार उडत असेल तेव्हा. म्हणजे प्लस कुठेतरी बॉडीला चिकटतोय, आणि ते शोधायला सवयीचा हात लागतो. तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी लावली तर वायर जळेल, फ्यूज उडणार नाही. स्टिअरिंगखालचा स्विच हलवल्यावर दिवे ये-जा करत असतील, तरीही त्यांच्याकडेच द्या. फक्त जाताना मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या. ‘उजव्या हेडलाइटचा अर्थ 1.4 व्होल्ट खातोय’ असं सांगितलं की समोरचा बल्बच्या खोक्याकडे हात नेत नाही. आणि नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही, हे आधीच सांगा. आपल्या पावसात ती टेप एक हंगाम काढत नाही.

नवं वायरिंग हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात चुकीच्या वेळी घेतला जाणारा निर्णय. 2016 मध्ये मी तो घेतला. चार दिवस गाडी उघडी पडली होती, आणि पासिंगच्या आदल्या रात्री नव्याच वायरिंगमध्ये डावा-उजवा इंडिकेटर उलटा लागला! शिवाय बॉडीवरचे जुने अर्थ पॉइंट तसेच राहिले, त्यामुळे पाच वर्षांनी जुनं दुखणं परत. वायर वाकवल्यावर वरचं आवरण करकरून तडकत असेल, उंदरांनी कुरतडलं असेल, किंवा फॉग लॅम्प, हॉर्न, टेपरेकॉर्डर यांचे पाच मालकांनी मारलेले जोड असतील तर वायरिंग बदलाच. पण पासिंगच्या तारखेला निदान दोन महिने असताना. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो, तेव्हा हिशोब त्याआधीच मांडा.

कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपवाल्यांचं गणित वेगळं. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. त्यांच्यासाठी ओळखीचा वायरमन हाच खरा पर्याय, रविवार मोडून मीटर घेऊन बसायला त्यांना हंगामात वेळ कुठला?

आता बल्बचा प्रश्न, कारण दुकानात गेलं की एलईडी गळ्यात पडतोच. 60/55 वॉटचे (हाय बीमला 60, लो बीमला 55) दोन हॅलोजन हाय बीमवर दहा अँपिअर ओढतात, 100/90 चे सोळाच्या वर. जुन्या जीपमध्ये हा सगळा भार स्विचमधून जात असेल तर 100/90 ने होल्डर तपकिरी होतो आणि मग वितळतो. एलईडी करंट कमी खातो हे खरं, पण हॅलोजनच्या फिलामेंटसाठी घडवलेल्या गोल डब्यात त्याचा प्रकाश विखुरतो. नियमाप्रमाणे 8 मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यांत झोत जाता कामा नये, आणि विखुरलेला झोत नेमका तिथेच जातो. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर भराभर टिकटिकतो. मिनिटाला 60 ते 120 ही मर्यादा आहे, घड्याळ लावून मोजा.

माझं मत 60/55 हॅलोजन आणि वेगळा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. स्विचने फक्त रिले चालवायचा, दिव्याचा करंट जाड वायरीने थेट बॅटरीतून. मात्र काही जपानी रचनेच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसवर नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथे बाजारातला तयार रिले सेट जसाच्या तसा बसत नाही, आधी मीटरने बघून घ्या. आणि रिले चाकाच्या कमानीपासून लांब, तोंड खाली करून बसवा, पाणी वरून आत शिरता कामा नये.

बंपरवरचा लाइट बार पासिंगच्या आधी काढून ठेवा. रानात हौस भागवतो, पण समोर स्पॉटलाइट लावायला नियमात बंदी आहे.

आदल्या संध्याकाळी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा. लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी. मग घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक, टेल, इंडिकेटर एकेक करून बघा आणि नंतर सगळे एकत्र लावा. खराब अर्थ एकेका दिव्यावर लपतो, सगळे पेटले की उघडा पडतो. नंबरप्लेट 15 मीटरवरून वाचता येते का तेही तेव्हाच बघा. आमच्याकडे हे काम आईकडे असतं, ती पडवीत बसून आकडे मोठ्याने वाचते.